पेरूमधलं पळस्पे

पळस्पे फाट्यावर आम्ही पेणच्या एस.टी.ची वाट बघत होतो. गाडी आली, मी पाय उचलला, तेवढ्यात नानांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "अरे, पळस्पे पेरूत आहे!"

पेरू म्हणजे खायचा नव्हे, देश. एवढं कळेपर्यंत गाडी निघून गेली. मग नानांनी सावकाश समजावलं. इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरांचं शेपूट असतं. आपलं 'इन', पेरूचं 'पीई'. इंग्रजीत 'पळस' लिहायचं, टिंब द्यायचं, पुढे पेरूचं शेपूट जोडायचं, की झालं पळस्पे. नानांनी खिशातली वही काढून नोंद केली आणि आजूबाजूला संशयाने पाहिलं. नावं चोरणारे कुठेही असू शकतात, असं त्यांचं मत आहे. फाट्यावर त्या वेळी एक कलिंगडवाला आणि दोन कुत्री होती.

काही माणसांकडे दुकान नसतं, पण दुकानाची पाटी मात्र तयार असते. आमच्या लाईन आळीतले नाना त्यांतले. त्यांच्याकडे आजमितीला चौदा डोमेन आहेत आणि वेबसाइट धड एकही नाही. विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "नाव अडवून ठेवलंय." रुमाल टाकून एस.टी.तली जागा अडवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते हे वाक्य उच्चारताना नानांच्या चेहऱ्यावर दिसतं.

हे वेड लागल्यापासून नाना कुठलाही शब्द शेवटाकडून वाचतात. लग्नाची पत्रिका आली की वधूवर राहिले बाजूला, आडनावाचा शेवट आधी. "सगळे 'कर' अर्जेंटिनात जातात," ते हळहळतात. कर्नाळा लाओसमध्ये. पुरणपोळी लिश्टेनश्टाइनमध्ये. चटणी निकाराग्वात. आजोबा बोस्नियात. "यूट्यूबवाल्यांनी छोट्या पत्त्यासाठी बेल्जियमचं शेपूट घेतलं की नाही? मग आपण का नाही?" एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं की 'बायको'तला 'क' इंग्रजी 'सी'ने लिहिला तर तिचा शेवट कोलंबियात होतो. काकू आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "माझा शेवट इथेच होणार आहे, या ओट्यापाशी. भात घ्या."

या वेडाचं मूळ सापडतं ते जमिनीत. नव्या पनवेलच्या आणि खांदा कॉलनीच्या जागी शेतं होती, त्या काळात नानांना कुणीतरी एक प्लॉट सुचवला होता. नाना म्हणाले, "तिकडे राहायला कोण जाणार?" पनवेलात हे वाक्य म्हटलेला म्हातारा आळीगणिक एक तरी निघतो, आणि प्रत्येकाला तो सर्व्हे नंबर अजून तोंडपाठ असतो. पुढे एक्स्प्रेसवे झाला, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, विमानतळ आला, आणि गुंठ्याच्या प्रत्येक नव्या भावाला नाना थोडे थोडे म्हातारे होत गेले. मग कधीतरी नातवाने सांगितलं की नावंसुद्धा विकत मिळतात, पहिल्या वर्षी तर वडापावच्या चार प्लेटींच्या पैशात. नानांना दुसरी संधी दिसली. सात-बारा नको, तलाठी नको, कुळाची भानगड नको.

अँग्विला हे त्यांचं दैवत. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्या वस्तीचं, पण त्याच्या वाट्याला शेपूट आलं 'एआय'. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उठल्यावर जगभरच्या कंपन्या तिथे रांगेत उभ्या राहिल्या, आणि २०२३ साली एकट्या या दोन अक्षरांनी तिथल्या सरकारला सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मिळवून दिले, एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. "आपल्याकडे मातीला भाव आला, त्यांच्याकडे अक्षरांना," नाना म्हणतात, आणि वहीचं ते पान उघडतात, ज्यावर मिठाई, मलाई, ताई आणि वरमाई एकाखाली एक लिहिलेल्या आहेत.

नानांना मी हसतो खरा, पण एका बाबतीत त्यांच्यापुढे गप्प बसावं लागतं. त्यांची अख्खी नोकरी पोस्टात सॉर्टिंगला गेली. डोमेनचा पत्ता कसा शोधला जातो हे मी इंजिनिअर लोकांकडून तीनदा ऐकलं होतं, समजलं ते नानांकडून. "पाकिटावरचा पत्ता आम्ही खालून वाचायचो. आधी पिन, मग गाव, मग आळी, नाव सगळ्यात शेवटी. हे लोक उजवीकडून वाचतात, एवढाच फरक. आधी शेपूट बघून देशाच्या रजिस्ट्रीत जायचं, तिथे विचारायचं की या नावाचा सर्व्हर कोण, मग त्या सर्व्हरला विचारायचं की घर कुठे. ४१०२०६ बघितल्याशिवाय मी कधी आळी वाचली नाही." १९७२ साली पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते याचा त्यांना घरचं कार्य असल्यासारखा अभिमान. आणि इंटरनेटच्या नावांचा-क्रमांकांचा कारभार सुरुवातीची कितीतरी वर्षं ज्याने बहुतांशी एकट्याने सांभाळला, त्या अमेरिकन माणसाचं आडनाव पोस्टेल होतं हे कळल्यावर तर नाना दोन मिनिटं उभेच राहिले. "बघ! शेवटी आपल्याच खात्यातला निघाला."

आता नाव घेण्याचा विधी. तो रात्री अकरानंतर, दार लावून. नाव मोठ्याने उच्चारायचं नाही. पुतणीच्या मुलीच्या बारशाला पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, आत्या बाळाच्या कानाशी वाकली होती, आणि नाना खुर्चीतून ओरडले, "थांबा! ओटीपी आला नाही!" एकदा नाव चारचौघांत फुटलं की कुणीतरी घेणार, ही भीती. पुतणीने निवडलेली पहिली दोन नावं तर त्यांनी आधीच बाद केली होती, एक ब्राझीलमधल्या कुणीतरी घेतलंय म्हणून, दुसरं दीड लाखाला विक्रीस आहे म्हणून. आत्या वाकलेली, बाळ रडतंय, घुगऱ्या निवतायत. पैसे कटल्याचा मेसेज वाजला आणि मग कुर्र झालं.

फक्त एकदाच नाना पाटीपलीकडे गेले. काकूंच्या हातच्या पुरणपोळ्यांना होळीला आणि उकडीच्या मोदकांना गणपतीत अर्ध्या पनवेलातून मागणी असते. नानांनी ठरवलं की नाव मराठीतच हवं. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ सालापासून मिळतं. नाना तीन महिने नाव शोधत होते आणि काकू त्या तीन महिन्यांत नाव नसताना मोदक विकत होत्या. अखेर नाव मिळालं, काना-मात्रेसकट, 'ळ' शाबूत. मग नातवाकडून एक पान करून घेतलं, नेमसर्व्हर बदलले, आणि कुठेतरी लिहिलेलं वाचलं की बदल सगळीकडे पोचायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.

ते दोन दिवस आळी विसरणार नाही. नाना जिन्यात उभे. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला आलेला मुलगा, जो येईल त्याला, "जरा तुझ्या मोबाइलवर उघडून बघ." सगळ्या नातेवाइकांना फोन. संध्याकाळी बातमी फुटली, "नाशिकला पोचलं! पेणला अजून नाही." पेणला पोचायला उशीर व्हावा याचं नानांना जुन्या खात्याचा माणूस म्हणून वाईट वाटत होतं.

पोचलं एकदाचं. पण पत्ता कुठे चिकटवला की काही ठिकाणी मराठी अक्षरं गळायची आणि खालचा सांगाडा उघडा पडायचा. यंत्राला आतून फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. म्हणून आपल्या 'भारत'ला यंत्र म्हणतं एक्स-एन-रेघ-रेघ-एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी. आणि छापखान्यातल्या मुलाने ऐन गणपतीत काकूंच्या कार्डावर तेच छापलं. शंभर कार्डं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हा मोदकाचा पत्ता आहे की मिक्सरचा पार्ट नंबर?" ज्यांना खरा पत्ता मिळाला त्यांनीही फोन करून विचारलं, "शेवटी डॉट कॉम लावायचं ना?" ऑर्डरी नेहमीसारख्या खिडकीतून हाक मारूनच आल्या. कार्डांच्या कोऱ्या बाजूवर काकू अजून वाण्याची यादी करतात.

नूतनीकरणाचा महिना मात्र खरा परीक्षेचा. पहिल्या वर्षीचा वडापावचा भाव दुसऱ्या वर्षी थाळीचा होतो. चौदा नावांच्या तारखा नानांनी कालनिर्णयवर श्राद्धतिथींच्या शेजारी लाल शाईने लिहिल्या आहेत. 'डॉट कॉम'चं नाव मुदतीत भरलं नाही आणि काढून टाकलं गेलं, तरी दंड भरून सोडवायला तीस दिवस मिळतात. मग पाच दिवस ते अधांतरी राहतं आणि सहाव्या दिवशी बाजारात येतं. एक चांगलं पनवेली नाव असं सुटणार होतं, तेव्हा नाना रात्रभर घड्याळ लावून जागले. नाव सुटलं आणि क्षणात कुणाच्या तरी यंत्राने उचललं. सकाळी वडाळे तलावावर फिरायला आले नाहीत. मी घरी गेलो तर गच्चीत बसले होते. "पुन्हा तेच झालं रे," एवढंच म्हणाले. मी सर्व्हे नंबर विचारला नाही.

परवा वर गेलो तेव्हा यंदाचं बिल समोर होतं, दहा हजारांच्या वर. काकू तांदळातले खडे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या चौदा नावांचं कधी काही करणार आहात का?"

"करीन गं," नाना म्हणाले.

आणि थांबले. ओठ हलले, करीन... जाईन... बघीन... डोळे बारीक झाले, हात खिशातल्या वहीकडे गेला.

"काकू," मी म्हटलं, "पंधरावं."

"श्शू!" नाना म्हणाले. "हळू बोल. आणि ते दार लाव आधी."