रॉडवाले भाऊ

गरवायला जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक भाऊ असतातच. मासा त्यांच्या गळाला लागो न लागो, दुकानात शिरलेलं नवखं गिऱ्हाईक हमखास लागतं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास तुम्ही 'एक साधा रॉड दाखवा' म्हणालात, की मागून आवाज आलाच समजा, "साधा म्हणजे? गरवणार कुठं?"

झालं. आता सुटका नाही. खाडीत तांबोशीसाठी सात फुटी, मिडियम. कारण ती आमिष घेतल्याबरोबर तिवरांच्या मुळांत घुसते, आणि रॉडमध्ये दम नसला की दोरी तिथंच सोडून घरी यायचं. उघड्या किनाऱ्यावर लाटांपलीकडं शिसं फेकायचं तर दहा-बारा फुटी. तळ्यातल्या मरळीला रबरी बेडूक दाखवायचा तर आखूड पण दणकट, कारण तिला शेवाळासकट ओढून काढावी लागते. "सगळीकडं चालेल असा एकच नाही का?" असं विचारलंत, तर सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी मागणाऱ्या पेशंटकडं डॉक्टरनं बघावं तसे भाऊ बघतात. (असा रॉड असतो. सात-आठ फुटी, दहा ते तीस ग्रॅम वजन फेकणारा. पण हे ते तुम्ही पुरेसे हिरमुसल्यावर सांगतात.)

माणसाला कळतं मात्र, हे मान्य करायलाच हवं. खिशातून कापसाचा बोळा काढून ते रॉडच्या एकेका कडीतून फिरवतात. आतल्या सिरॅमिकला केसाएवढी जरी चीर असली तरी कापसाचा तंतू अडकतो. आज कापूस अडकला, उद्या तिथंच दोरी कापली जाणार. तंतू दिसला की रॉड परत काउंटरवर आणि दुकानदाराची नजर छताला. '३० टी' असं छापलेला कार्बनचा रॉड दाखवून तो "एकदम मजबूत" म्हणाला, की भाऊंना चेव येतो. "टन म्हणजे ताकद नव्हे, ताठपणा! आकडा वाढला की रॉड हलका होतो, पण खडकावर आपटला की गेला. नवशिक्याला फायबर द्या. जड असतो, पण मार खातो." घडीच्या रॉडचं तर नावच काढायचं नाही, इतके सांधे आणि प्रत्येकात वाळू.

भाऊंचा खरा जीव बचतीत. चार हजारांचा रॉड घासाघीस करून अडीच हजारांत घेतला, म्हणजे दीड हजार वाचले. आणि वाचलेले पैसे घरात पडून का ठेवायचे? अशा काटकसरीतून साठलेले रॉड थोडे पोटमाळ्यावर, थोडे कपाटामागं, उरलेले शेजाऱ्यांकडं 'ठेवायला' असतात. वहिनींना एकूण आकडा एका जागी कधी दिसत नाही.

तुमची खरेदी झाली की भाऊ ती रविवारी जेट्टीवर 'रुळवून' देतात. भरतीची वेळ त्यांनीच काढलेली, कोळंबी तुम्ही आणलेली. पहिली फेक त्यांची. दुसरीही. उन्हं चढतात, तुम्ही डबा धरून मागं उभे.

"भाऊ, मी टाकून बघू का?"

"थांब जरा," भाऊ पाण्यावरची नजर न काढता म्हणतात, "हात बसू दे."