कर्तव्यांवर परिणाम होता कामा नये

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे पुस्तक आमच्या कचेरीत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतं. ते काढायला स्टुलावर चढावं लागतं, त्यामुळे बहुतेकांची वर्तणूक अंदाजानेच चालते. मी मात्र एकदा चढले. लिहिण्याबद्दल सरकारचं काय म्हणणं आहे ते मला बघायचं होतं. सरकार फार दयाळू निघालं. साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं प्रासंगिक काम सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय करता येतं. अट एकच, त्यामुळे सरकारी कर्तव्यांवर परिणाम होता कामा नये.

घरावर झाला तर काय, याबद्दल नियम गप्प आहे. म्हणजे कथेच्या नादात मी बिलावर चुकीचं लेखाशीर्ष टाकलं तर खुलासा मागवतील. पण दूध उतू गेलं तर त्यावर शासनाचं काही म्हणणं नाही. सासूबाईंचं असतं.

माझी कचेरी साताऱ्यात, सदर बझारात, आणि घर सांगलीत, विश्रामबागेत. सोमवारी पहाटे निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळची गाडी पकडून परत यायचं. मधल्या संध्याकाळी मी एका भाड्याच्या खोलीत एकटी असते, हे ज्याला ज्याला कळतं त्याचे डोळे लकाकतात. "मजा आहे बाई तुझी! सगळ्या संध्याकाळी मोकळ्या. कादंबरीच होत असेल." नोकरी करणाऱ्या बाईला रिकामी खोली मिळाली की तिच्या पोटी कादंबरी जन्माला येते, अशी लोकांची प्रामाणिक समजूत आहे.

त्या मोकळ्या संध्याकाळचं वेळापत्रक असं असतं. सहाला कचेरी सुटते म्हणायचं, सातला खरंच सुटते. खोलीवर येऊन कुकर लावेपर्यंत पहिला फोन. नवरा माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याचे प्रश्न नेमके असतात. "हिंग कुठंय?" हिंगाच्या डबीत. "ती डबी कुठंय?" तुझ्या हातात. मग लेकीचा फोन. तिला उद्या शाळेत न्यायला चार्टपेपर हवाय, आणि तो साताऱ्यात बसून सांगलीतल्या कुठल्या दुकानात रात्री साडेआठला मिळेल हे आईने सांगायचंय. मग शाळेच्या पालकांचा ग्रुप. त्यात एका मुलाची पाण्याची बाटली हरवलेली असते आणि झाडून सगळे पालक 'आमच्याकडे नाही' असं एकेक करून कळवत असतात.

नऊला सगळं शांत होतं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. वही उघडलेली, पेन हातात, कुणी हाक मारायला नाही. आणि काहीही सुचत नाही. एकांतात माणसाला सोबत म्हणून उरतो तो आपण स्वतःच, आणि माझी सोबत फारच कंटाळवाणी आहे हे मला साताऱ्यात कळलं. पंधरा मिनिटं अजिंक्यताऱ्याकडे बघून मी झोपते. शाहू महाराजांनी तिथून केवढा राज्यकारभार चालवला. मला तिथे बघत एक परिच्छेद चालवता येत नाही.

सांगलीत उलटं. तिथे सुचतं भरपूर, पण बसायला मिळत नाही. तसं घर माझ्या लिहिण्याच्या विरुद्ध मुळीच नाही, उलट अतिशय बाजूने आहे, आणि तीच अडचण आहे. सासूबाईंना सुनेचं नाव छापून आल्याचा भारी अभिमान. मी रविवारी आतल्या खोलीत वही घेऊन बसले की त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हलक्या आवाजात सांगतात, "ती आत आहे. लिहितेय." हे सांगताना त्यांचा सूर असा असतो, की जणू मी अंथरुणाला खिळलेय. ऐकणारी बाईसुद्धा मग आवाज खाली आणते. "कधीपासून?" "सकाळपासून. नाष्टापण नीट केला नाही." एकदा शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या. दार किलकिलं करून त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, "तिसऱ्या पानावर आहे." त्या म्हणाल्या, "होईल हो कमी. वेळ लागतो."

आता, आमच्या भागात वेळ नाही म्हणायचीही सोय नाही. हा मुलूखच असा, की तक्रार केली रे केली की कुणीतरी एक थोर माणूस तुमच्या अंगावर फेकतं. आमच्या कचेरीतले एक निवृत्त साहेब या कामात तरबेज आहेत. "खांडेकर बघा. जन्म सांगलीचा, १८९८ चा. १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली, आणि त्याच काळात कादंबऱ्या लिहिल्या. अण्णा भाऊ बघा. वाटेगावचे. मुंबईत गिरणीत राबले, मोर्चे काढले, पोवाडे रचले आणि वर 'फकिरा' लिहिली. मर्ढेकर बघा, आपल्या मर्ढ्याचे. आकाशवाणीची नोकरी सांभाळून मराठी कविता उलटीपालटी केली. आणि तुम्ही म्हणता वेळ नाही!"

मी सगळ्यांना बघते. मान खाली घालून बघते. या सगळ्यांबद्दल मला एकच शंका आहे, आणि ती साहेबांना विचारायचा धीर होत नाही: डबा कोण करत होतं? मी वाचलेल्या चरित्रांत तेवढं पान कुठे सापडलं नाही.

ज्या डबा करत होत्या त्यांनी काही रचलं नाही असं मात्र नाही. पहाटे उठून जात्यावर बसायचं, आणि दळता दळता ओवी. भाऊ, माहेर, विठ्ठल, सासू, सगळ्यांची दखल घ्यायची, आणि पीठ झालं की ओवीही झाली. वेगळा वेळ काढायचा प्रश्नच नाही. सांगलीच्या डॉ. तारा भवाळकरांनी या लोकवाङ्मयाच्या अभ्यासात आयुष्य घातलं आणि २०२५ साली दिल्लीला भरलेल्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा आम्ही सांगलीकरांनी कॉलर ताठ केली. मलाही वाटलं, हीच आपली परंपरा, हाच आपला मार्ग. म्हणून शनिवारी सकाळी मी ओट्याशी उभी राहून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कवितेला हात घातला. पण जात्याची घरघर वेगळी आणि साडेसातशे वॅटचा मिक्सर वेगळा. जात्याला लय असते. मिक्सरला फक्त सुरू आणि बंद असतं, आणि तो बंद झाला की घरातून दोन आवाज येतात: "काय म्हणालीस?" मिक्सरवर आजवर कुणी ओवी रचलेली नाही, आणि यापुढेही रचेल असं मला वाटत नाही.

तर साताऱ्यात वेळ आहे पण सुचत नाही, सांगलीत सुचतं पण वेळ नाही. मग मी लिहिते कुठे? हे कोडं समीक्षकांना पडायच्या आत सांगून टाकते. माझं समग्र साहित्य मसूर ते भिलवडी या टापूत झालेलं आहे.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब, माहुलीकडे. तिथे गाडीत शिरून, ओढणी-पिशवी-डबा सगळं मांडीवर जमवून स्थिर व्हायला कोरेगाव येतं. रहिमतपूरला चहा. तारगावला कचेरी डोक्यातून उतरते. मसूरला वही निघते. तिथून पुढे शिरवडे, कराड, शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. नांद्रे आलं की सांगली डोक्यात शिरते, भाजी घ्यायची आठवण होते आणि वही बंद. त्यामुळे माझ्या कथांची लांबी ठरलेली असते. क्रॉसिंगला गाडी थांबली तर दीर्घकथा.

या प्रवासात किर्लोस्करवाडी आली की मी दरवेळी खिडकीतून बघते. औंध संस्थानातल्या त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. त्यांचे नांगर गिऱ्हाइकांपर्यंत पोचावेत म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली. तिची सूत्रं शंकररावांकडे, म्हणजे शंवाकिंकडे. नांगराची खबरबात देता देता त्या अंकात कथा आल्या, लेख आले, आणि तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. एकाच आवारात एकीकडे लोखंड ओततायत आणि दुसरीकडे कथा तपासतायत. काम आणि लेखन यांचा मेळ कसा घालावा यावर आजकाल व्याख्यानं होतात. आमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे.

पण गाडीतल्या लेखनाला एक धोका असतो, तो म्हणजे संपादन. एकदा कराडला एक आजी चढल्या. डोक्यावर पदर, मांडीवर घेवड्याची पिशवी. थोडा वेळ माझ्या वहीत सरळ डोकावून त्यांनी विचारलं, "काय लिवताय?"

"गोष्ट."

"कुनाची?"

"एका सुनेची."

त्यांनी वही जवळ ओढून, बोट फिरवत, पान वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग ती रातच्याला हिरीवर कशापाई गेली?"

मी म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही. खरं तर ठरलेलं होतं.

"जीवबीव द्याया धाडू नगा हां तिला. येवढ्या शिकल्यासवरल्या तुमी, आन सुनंला हिरीत ढकलता व्हय? मोटर चालू कराया गेली म्हना. लाइट रातचीच असती."

शेतातली वीज रात्री येते हे माझ्या नायिकेच्या ध्यानात आलंच नव्हतं. मी विचारलं, मग पुढे? आजी म्हणाल्या, "फुडं काय! पानी पाजलं, आन घरी येऊन झोपली. सकाळी सासूला म्हनाली, आज च्या तुमी करा." ताकारीला त्या उतरून गेल्या. मी शेवट तसाच ठेवला. ती कथा छापून आल्यावर एका वाचकाने लांबलचक पत्र लिहून कळवलं, की मराठी कथेत स्त्रीच्या बंडाचं इतकं संयत चित्रण त्यांनी अलीकडे वाचलेलं नाही. पत्र आजींना पाठवायला हवं होतं, पण पत्ता म्हणून 'मधला डबा' एवढंच लिहिता आलं असतं.

साहित्याच्या फार जवळ राहण्यातही अर्थ नाही, हे मला या जानेवारीत समजलं. १ ते ४ जानेवारी २०२६ ला ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या साताऱ्यात, शाहू स्टेडियमवर भरलं. अध्यक्ष विश्वास पाटील. म्हणजे पुन्हा सरकारी नोकरी करून 'पानिपत' लिहिलेला माणूस. निवृत्त साहेबांना महिनाभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला. मी आधीपासून ठरवलं होतं, की चारही दिवस मांडवात बसायचं. पण सासरच्यांनी आणि माहेरच्यांनीही आधीपासून ठरवलं होतं, की साताऱ्यात आपली हक्काची खोली आहे. खोली एक, गाद्या तीन, आणि साहित्यप्रेमी पाहुणे गादीगणिक दुप्पट. ते सकाळी नाष्टा करून परिसंवादाला जात, दुपारी जेवून कविसंमेलनाला. मी भाकऱ्या थापत असताना मला सगळं रसाळ वर्णन ऐकायला मिळालं. मामेसासरे जाताना कंदी पेढे आणि सहीचं पुस्तक घेऊन गेले, आणि दारात म्हणाले, "सूनबाई, तुम्ही एकदाही दिसला नाहीत संमेलनात. लिहिणाऱ्या माणसानं अशा ठिकाणी जावं."

राहता राहिला वर्षाचा हिशेब. मार्च हा महिना नसून अवस्था आहे, हे सरकारी नोकरांना सांगायला नको. ३१ तारखेच्या रात्री कोषागारात बिल गेलं की नाही, यापलीकडे जगात काही नसतं. मे महिन्यात लग्नं. जूनमध्ये शाळा. आणि जुलै लागला की कोयना. १०५ टीएमसीचं ते धरण आमच्या सातारा जिल्ह्यात, पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून जाणार सांगलीत. त्यामुळे पावसाळ्यात नवऱ्याचा फोन हिंगावरून विसर्गावर येतो. "तुमच्या साताऱ्यानं आज किती सोडलं?" कोयनेचे सहा दरवाजे जणू मी डबा भरून झाल्यावर उचलते. सांगलीकर माणूस आयर्विन पुलाजवळचे फूट तोंडपाठ ठेवतो: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातले सगळे नातलग आमच्या विश्रामबागेतल्या घरी होते. तेव्हा माझी कथा अर्धी राहिली होती, आणि कुणीही, अगदी सासूबाईंनीसुद्धा, दारात खुर्ची टाकली नाही. पोळ्या लाटणाऱ्या हातांची गरज जास्त होती, आणि मलाही त्याचं वाईट वाटलं नाही.

याच जुलै-ऑगस्टात दिवाळी अंकांच्या मुदती असतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक दिवाळीचा फराळ श्रावणात करतो आहे. संपादक मंडळी सज्जन असतात. ती मे महिन्यातच फोन करतात आणि म्हणतात, "घाई नाही. सवडीनं द्या. तीन महिने आहेत." या तीन महिन्यांत मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. मुदत टळून गेल्यावर त्यांचा दुसरा फोन येतो, जरा तुटक. आणि त्या शुक्रवारी मसूर सोडलं की पेन थांबत नाही.

तेव्हा संपादकमहाशय, हा लेख वाचत असाल तर एक विनंती आहे. पुढच्या वर्षी सवडीनं वगैरे म्हणू नका. गुरुवारी रात्री नऊनंतर फोन करा, आवाज चढवून करा, आणि लेख शनिवारी सकाळी हवा म्हणून सांगा. मध्ये एक गाडी आहे.