नंबर नाही, तर बिल नाही

एखाद्या पतसंस्थेतला, शाळेतला नाहीतर दवाखान्यातला नेटवर्कचा रॅक उघडून बघा. निळ्या केबल्सचा झुबका, आणि नंबर एकीवरही नाही. मग कुठल्या तरी टेबलावरचं नेट बंद पडतं. एक जण टेबलाखाली वाकून केबल काढतो-लावतो, दुसरा मोबाइल कानाला लावून रॅकपाशी उभा.

‘दिवा गेला का?’

‘नाही.’

‘आता?’

‘हां, गेला! थांब थांब, हा तर कॅशियरचा!’

काउंटरसमोरची रांग तिथल्या तिथे. दुरुस्ती पाच मिनिटांची, शोधाशोध दुपारभर.

शिडीवर चढून वायर ओढणाऱ्या पोराला मी दोष देणार नाही. कोटेशनमध्ये केबलचे मीटर असतात, पॅनल असतं, त्यात तारा दाबून बसवण्याचं पंचिंग असतं. लेबल आणि नकाशा यांची ओळच नसते. ज्याचे पैसे नाहीत ते काम कोण करणार? दोष काम देणाऱ्याचा.

नोंद नसली की नुसता वेळच जात नाही. लोंबणारं मोकळं टोक कुणीतरी रॅकमधल्या नेटवर्क स्विचमध्ये खुपसतं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असेल, तर तेच ते संदेश गोल फिरत राहतात आणि सगळं ऑफिस ठप्प होतं. संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे गोल फिरवणारी जादा वाट आपोआप बंद करण्याचा उपाय शोधला, पण स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये तो सहसा नसतो.

केबलच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचं अमेरिकी मानक, टीआयए-६०६, १९९३ पासून आहे. त्यातलं सार कुणालाही जमेल असं आहे. भिंतीवरचा बॉक्स, पॅनलचं पोर्ट आणि केबलची दोन्ही टोकं, सगळीकडे एकच नंबर: २-बी-१४, म्हणजे दुसरा मजला, बी पॅनल, चौदावं पोर्ट. लेबल छापलेलं आणि केबलला गुंडाळलेलं हवं. चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं पुसलं जातं. सोबत एक तक्ता: नंबर, खोली, स्विचचं पोर्ट, लांबी, टेस्टरचा निकाल, तारीख. एक प्रत रॅकच्या दारावर, एक फाइलमध्ये. पोर्ट बदललं की त्याच दिवशी तक्ता बदलायचा.

आणि कागद हवा वायर ओढण्याच्या आधी. पॅनलपासून बॉक्सपर्यंत तांब्याची केबल ९० मीटरपर्यंतच चालते. दोन्हीकडच्या जोडणीच्या छोट्या केबल, म्हणजे पॅच कॉर्ड धरून १००. जिन्याखाली जागा मोकळी दिसली म्हणून रॅक तिथेच ठोकला, तर टोकाची खोली या हिशेबाबाहेर जाते, आणि हे कळतं भिंती रंगवून झाल्यावर.

सोसायटीचे सेक्रेटरी, मुख्याध्यापक, दवाखान्याचे डॉक्टर, तुम्हाला एकच सांगणं आहे. पुढच्या कोटेशनमध्ये लेबल आणि तक्त्याची ओळ घालून घ्या, तिचे पैसे द्या. काम झालं की तक्त्यातले कुठलेही तीन नंबर निवडून स्वतः रॅकपाशी जुळवून बघा. जुळले नाहीत, तर शेवटचा हप्ता देऊ नका.