स्विस घड्याळ : सुधारित लागवड तंत्र

श्रीरामपूर तालुक्यात जमीन कसदार आहे, भंडारदऱ्याचं पाणी येतं आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ पासून हाकेच्या अंतरावर आहे. ऊस, सोयाबीन, कांदा, सगळ्यांच्या सुधारित लागवडीची माहिती आपल्याला घरबसल्या मिळते. एका पिकाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. पांढरी डायल, काळा चामडी पट्टा, मनगटावर येणारं स्विस ऑटोमॅटिक. लग्नसराईत या पिकाखालचं क्षेत्र डोळ्यांत भरतं, तरी माहितीअभावी चांगले जाणते शेतकरी ते पूर्ण किमतीला घेऊन बसतात. हे नुकसान टाळण्यासाठी पुढील मार्गदर्शन. विद्यापीठाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पूर्वपीठिका. पीक नवं नाही. फेवर-लुबा कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात घड्याळं विकत होती, वेस्ट एंडचं नाव आजही जुनी माणसं आदरानं घेतात. पुढे आयातीवर निर्बंध आले, स्विस माल चोरवाटांनी येऊ लागला, आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनायला लागली. सायकल, रेडिओ आणि घड्याळ याशिवाय जावई मांडवात पाऊल टाकत नसे, तो हा काळ. कांचन नावाचं ऑटोमॅटिक तर बैठकीत नाव घेऊन मागायचे. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवलं. जावई मात्र चालूच आहेत, आणि आता ते स्वतःच्या पैशानं स्विस घेतात. ही प्रगतीच म्हणायची.

हवामान व जमीन. या प्रकाराला ड्रेस वॉच म्हणतात. कोटाच्या बाहीखाली अलगद सरकावं म्हणून ते बारीक असतं. तिकडे कोट रोज घालतात, आपल्याकडे मे महिन्यात बनियनही नकोसा होतो. इथली प्रतिष्ठित बाही कोपरापर्यंत दुमडलेली असते, तेव्हा तिच्याखाली काही सरकण्याचा प्रश्नच येत नाही. जाडी दहा मिलिमीटरच्या आत हवी वगैरे अटी वाचाव्यात, त्यांचा आदर करावा आणि पुढे जावं. व्यासाची अट मात्र पाळावी. मनगटाला दोरा गुंडाळून मोजा. सात इंचांच्या आत भरलं तर ३८ ते ४० मिलिमीटर पुष्कळ झालं. ‘दिसलं पाहिजे’ म्हणून ४४ मिलिमीटरचं घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते दिसतं, माणूस दिसत नाही.

वाण. को ८६०३२ आणि फुले २६५ ही नावं ज्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात, त्याला ईटीए २८२४ जड जाण्याचं कारण नाही. हे स्वित्झर्लंडातलं बहुप्रसवा मशीन. सेकंदाला आठ ठोके, पूर्ण चावी दिली की साधारण ३८ तासांची बेगमी. त्याच कुळातला पॉवरमॅटिक ८० सेकंदाला सहाच ठोके देतो, पण ८० तास दम धरतो. टिसो, मिडो, सर्टिना, हॅमिल्टन ही चारही नावं एकाच स्वॉच समूहाची. आत बहुतेक वेळा हेच मशीन असतं, कुठे नाव बदलून तर कुठे त्याच नावानं. चार दुकानं हिंडून चार मशिनं पाहिली, असा समज करून घेऊ नये.

मध्यम जमिनीसाठी शिफारस टिसोच्या ल लोक्ल या वाणाची आहे. १८५३ मध्ये कंपनी ज्या गावात सुरू झाली त्या गावाचंच नाव. ३९.३ मिलिमीटर व्यास, रोमन आकडे, पाठीमागे काच, काचेतून हलणारा रोटर. तो रोटर दाखवण्यासाठी चारचौघांत घड्याळ काढून उलटं करायला नवा माणूस पहिले पंधरा दिवस कारणं शोधत असतो.

बियाण्याची शुद्धता तपासायची खूण डायलच्या तळाशी असते. सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’ हवं. २०१७ पासूनचा नियम असा की मशीन स्विस हवं, ते पेटीत तिथेच बसवलेलं हवं, शेवटची तपासणी तिथेच झालेली हवी आणि निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के हिस्सा तिथला हवा. उरलेले ४० टक्के कुठले, हे विचारण्याची पद्धत नाही. ‘स्विस मूव्हमेंट’ लिहिलेलं दिसलं तर मशीन तिकडचं आणि बाकीचं देवाच्या भरवशावर.

हंगाम. पूर्ण किमतीला हे पीक बारमाही येतं. सवलतीत घ्यायचं तर तीनच हंगाम. आडसाली, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आसपासच्या ऑनलाइन जत्रा. पूर्वहंगामी, म्हणजे दसरा-दिवाळी. सुरू, म्हणजे प्रजासत्ताक दिनापासून मार्चअखेरपर्यंत, जेव्हा दुकानदाराला आकडे पुरे करायचे असतात. यांतला मार्च सर्वांत खात्रीचा. दिवाळीत दुकानदाराला तुमची गरज नसते.

याहून मोठी सूट हवी असेल तर थांबावं, असं सांगणारा एक पंथ आहे. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांशी भारतानं केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला, आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर यायचं आहे. हे वाचून काही मंडळी स्वस्थ बसली आहेत. त्यांना एवढंच सांगायचं की दरम्यान फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेला आहे आणि मुलगी यंदा दहावीला आहे. सात वर्षांनी तिचं लग्न निघेल, मग घड्याळ कोणासाठी घ्यायचं ते ठरवणारे तुम्ही नसाल.

उत्पादनखर्च. हिशेब उसात केला की डोकं ताळ्यावर राहतं. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. घड्याळ साठ हजारांचं धरलं तर ते झालं सतरा टन. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे टनांचा आकडा आणखी वर सरकतो. एकरी चाळीस टन धरले तर साधारण अर्धा एकर ऊस मनगटावर येतो. (हे पैसे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे. त्यावर बोलायची ही जागा नव्हे.) दहा टक्के सूट म्हणजे पावणेदोन टन ऊस. एवढा ऊस वाचत असताना गार हवेच्या दुकानात घासाघीस करायची लाज वाटणं शेतकऱ्याला शोभत नाही.

सौदा. यासाठी पुण्याला किंवा नाशिकला जावं लागतं. एकटं जाऊ नये. मामांना न्यावं. सख्खे नसले तर चुलत चालतील, पण लोणीच्या बैलबाजारात हयात गेलेले हवेत.

आमच्या माहितीतल्या एका मामांनी हे काम कसं केलं ते नमुन्यादाखल सांगतो. दुकानात पाणी आलं, कॉफी आली, काळे हातमोजे घातलेल्या मुलानं मखमली कापडावर घड्याळ ठेवलं. मामांनी आधी घड्याळाकडे पाहिलंच नाही. दुकानाचं छत पाहिलं, विजेचं बिल किती येतं विचारलं. मग किंमत विचारली.

“सर, ही एमआरपी आहे,” मुलगा म्हणाला.

“एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त. कमीत कमी कुठे लिहिलंय ते दाखव.”

मुलगा हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून मुलाच्या हातावर टाकलं आणि सवयीनं खाली हात घालून त्याची दोन बोटं दाबली. बाजारात याचा अर्थ आकडा होतो. मुलाला वाटलं, घड्याळ गेलं. त्यानं मॅनेजरला हाक मारली, आणि हेच तर हवं होतं, कारण सूट देण्याचा अधिकार मुलाला नसतोच. पाच टक्क्यांपासून सुरू झालेली बोलणी कॉफीच्या दुसऱ्या कपावर दहाच्या पुढे गेली. तिथून पुढे कंपनी देऊ देत नाही, असं मॅनेजर म्हणाला. ते बऱ्याच अंशी खरंही असतं. मामा म्हणाले, मग कंपनीला विचारू नका, एक पट्टा जादा द्या. दिला.

यातून घ्यायचं ते एवढंच : अधिकृत दुकानात आकडा एका मर्यादेपुढे हलत नाही, तिथे वस्तू मागावी. बँकेच्या कार्डाची सवलत वेगळी मिळते, ती शेवटी काढावी, आधी दाखवली तर दुकानदार आपली सूट तिच्यातच जिरवतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ ऐकलं की व्याज कुठे लपवलंय ते शोधावं, ते असतंच. आणि बिलाशिवाय किती, हा आपला लाडका प्रश्न इथे विचारू नये. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि टिसोची दोन वर्षांची आंतरराष्ट्रीय वॉरंटी ही निम्मी किंमत आहे असं समजा. कार्डावर तारीख आणि दुकानाचा शिक्का हवा, कार्डावरचा क्रमांक घड्याळाच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा, आणि खोक्यावर आयातदाराचं नाव, महिना नि एमआरपी छापलेली चिकटपट्टी हवी. ती नसेल तर माल कोणाच्या तरी बॅगेतून आला आहे.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी पत्ता जपून भरावा. श्रीरामपूर नावाचं एक गाव पश्चिम बंगालात हुगळीकाठी आहे, आणि आपल्या गावचं रेल्वे स्टेशन बेलापूर नावाचं, जे नवी मुंबईतही आहे. ४१३७०९ हा पिन तेवढा नीट टाकला की पार्सल मेनरोडला येतं.

खोडवा. लावणीचा खर्च नको असेल तर खोडवा ठेवावा, म्हणजे वापरलेलं घड्याळ घ्यावं. हौशी माणसं दोन वर्षांत कंटाळतात, त्यांचं घड्याळ बिल-कार्डासकट चांगल्या सवलतीत मिळतं. आमच्या मते शहाण्या माणसाची हीच वाट. मात्र खोडव्यात भेसळ फार. जुन्या फेवर-लुबावर भगवी, पोपटी, जांभळी डायल नव्यानं रंगवून दोन-तीन हजारांना ‘व्हिंटेज स्विस’ म्हणून विकतात. परदेशातले शौकीन अशा मालाला मुंबई स्पेशल म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत.

पाणी व्यवस्थापन. ऑटोमॅटिकला सेल नाही. हात हलला की रोटर फिरतो आणि स्प्रिंग भरते, म्हणजे हे पीक आवर्तनावर आहे. पॉवरमॅटिक पूर्ण भरलेलं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलेलं मंगळवारी पहाटे दोनपर्यंत चालतं. दिवसभर खुर्चीत बसून सह्या करणाऱ्या पदाधिकाऱ्यांचं घड्याळ बंद पडण्याची तक्रार येते. त्यात घड्याळाचा दोष नाही.

पाठीवर ३० मीटर लिहिलेलं असतं. याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील. कालव्यात उडी नाही, पोहण्याच्या तलावात उडी नाही, आणि चामडी पट्टा असेल तर पहिल्या पावसातही नाही.

रोग व कीड. उसाला हुमणी लागते, घड्याळाला लोहचुंबक. स्पीकरवर किंवा चुंबकाच्या मोबाइल कव्हरवर ठेवलं की ते दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. घाबरू नये, चुंबकत्व काढायचं यंत्र असलेला घड्याळवाला दोन मिनिटांत बरं करतो. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायला जाऊ नये, आतले दाते तेव्हा एकमेकांत अडकलेले असतात. दिवसाला पाच-दहा सेकंद मागंपुढं होणं हा रोग नव्हे. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा छापलेला असतो आणि पुढाऱ्यांची भाषणं आटोपून अक्षता दोन वाजता पडतात, तिथे पाच सेकंदांची तक्रार कोणाकडे करायची?

काढणी व विक्री. पीक हाती आल्यावर पहिला प्रश्न येतो, “केवढ्याला पडलं?” या प्रश्नासाठीच हे पीक घेतलं जातं, तेव्हा उत्तर तयार असावं. मेहुण्यांना एमआरपी सांगावी. भावाला सवलत सांगावी. उसने मागण्याची शक्यता असलेल्याला ‘भेट मिळालं’ म्हणावं. घरच्या मंडळींना खरा आकडा सांगावा, कारण त्यांनी मोबाइलवर तो आधीच पाहिलेला असतो. त्या एकच विचारतात, एवढ्यात किती सोनं आलं असतं? सोनं पुढच्या वर्षी विकायला नेलं तर सराफ पैसे मोजतो, घड्याळ दुकानाच्या पायऱ्या उतरलं की उतरतं. या मुद्द्यावर आमच्याकडे कोणतीही शिफारस उपलब्ध नाही.

चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावं लागतं, त्याचा खर्च हजारांत असतो आणि त्यासाठी पुन्हा मामांना घेऊन पुण्याला जावं लागतं. तोवर सर्व लाभार्थींना एकच विनंती : मांडवात कोणी “किती वाजले?” असं विचारलं, तर कृपा करून खिशातून मोबाइल काढू नका.