पोटॅशियम काय डझन?

रक्तदाब जरा वर सरकला की माणसाचं घरातलं वजन वाढतं. आवाज खाली येतात, रिमोट आपल्या हातात येतो आणि लोणच्याची बरणी माळ्यावर जाते. माझ्या डॉक्टरांनी मात्र गोळीसुद्धा लिहून दिली नाही. "मीठ कमी करा, जेवणातलं पोटॅशियम वाढवा," एवढ्यावरच बोळवण केली. मी पोटॅशियमला ओळखत होतो तो शाळेतल्या पुस्तकातून. रॉकेलात बुडवून ठेवायचा, आणि पाण्यात टाकला की पेट घेतो तो. असलं काही जेवायचं म्हणजे ते निदान ॲव्होकाडोच्या भावाचं तरी असेल, अशी माझी अपेक्षा होती.

शोध घेतला तर हा गृहस्थ निघाला वरणात, पालकात, बटाट्यात, शहाळ्यात. म्हणजे "परवाच झालं की" म्हणत मी जे जे पुढे सरकवतो, त्या सगळ्यात.

सोडियम म्हणजे मानपानवाला पाहुणा. त्याच्याशिवाय जेवणाला चव नाही, पण येताना सोबत पाण्याचं बिऱ्हाड घेऊन येतो आणि जायचं नाव काढत नाही. मग रक्तवाहिन्यांत दाटी होते, दाब वाढतो. पोटॅशियम मूत्रपिंडाला हाताशी धरून त्याला वाटेला लावतं आणि रक्तवाहिन्यांच्या आवळलेल्या भिंती सैल करतं.

हा उद्योग शरीरात अष्टौप्रहर चालू असतो. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप बसवलेला आहे. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण काहीच करत नसताना जी ऊर्जा खर्च होते, तिचा मोठा वाटा हा पंप खातो. हे कळल्यापासून दुपारी आडवं झाल्यावर "नुसते पडलात काय" असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे उत्तर तयार असतं. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने 1957 साली या पंपाचा छडा लावला तो खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर प्रयोग करून. नोबेल मिळालं 1997 मध्ये. हे ऐकून आमचे मालवणी शेजारी हळहळले. "आमी पिढ्यानपिढ्या खेकड्याचे डेंगे फोडतंव. आमका रश्श्यापलीकडे काय गावला नाय!"

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाच्या पोटात रोज निदान 3,510 मिलिग्रॅम पोटॅशियम जावं आणि मीठ पाच ग्रॅमच्या आत राहावं. एका मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम. नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर दिवसाला नऊ. रावेर-यावलच्या बागायतदारांचा याला पाठिंबा असेल, पण पोटाचं काय? खरं तर केळ्याची नुसती प्रसिद्धी जास्त. पन्नास ग्रॅम तूरडाळ त्याला सहज मागे टाकते. ती बिचारी वरण होऊन रोज पानात येते, म्हणून तिचं कौतुक नाही.

आपली एकादशी बघा. रताळं, बटाटा, राजगिरा, खजूर, केळी, शहाळं, दाण्याचा कूट: सगळी पोटॅशियमचीच दिंडी. आणि या दिंडीचं पुढारपण आपण कुणाला दिलं? साबुदाण्याला! त्यात पोटॅशियम औषधालाही नाही. खिचडीत जे काही असतं, ते चार बटाट्याच्या फोडींचं आणि कुटाचं. हे मी उपासाच्या दिवशी खिचडी वाढून होत असताना सांगितलं. "अहो, मग तुम्ही रताळं खा," असं म्हणून सौभाग्यवतींनी माझी बशी उचलली.

भाज्या उकळून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच पोटॅशियम मोरीत जातं. म्हणून आमच्याकडे हल्ली पालकाचं पाणी कणकेत पडतं. पोळ्या हिरव्या होतात, पण पाहुण्यांना पराठे म्हणून सांगता येतं.

उत्साहाला एक कुंपण मात्र हवं. शेजारच्या काकांनी माझं ऐकून कमी सोडियमचं मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. काकांची मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यात रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या जातीची. त्यांच्या डॉक्टरांनी पुडा पाहिला आणि काकांना असं झाडलं की मी दोन जिने वर असूनही मला लागलं. मूत्रपिंड दमलं असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचा ठेका बिघडवतं. तेव्हा अशांनी शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारून फोडावं.

बाकीच्यांची पंचाईत वेगळीच. फरसाणाच्या पुड्यावर सोडियमचा आकडा छापलेला असतो, पोटॅशियमचा बहुधा नसतो. कारण ते ज्यात भरपूर असतं, त्याला पुडाच नसतो. ते पाटीत, गोणपाटावर, पाणी शिंपडून मांडलेलं असतं. ही उणीव भरून काढावी म्हणून मी मंडईत भाजीवाल्या मावशींना पालकातल्या पोटॅशियमचं माहात्म्य सविस्तर ऐकवलं. रक्तदाब, पंप, खेकडा, सगळं. मावशींनी मन लावून ऐकलं आणि निवडून ठेवलेली जुडी माझ्या पिशवीतून परत काढली.

"एवढं असतंय व्हय हिच्यात? मग पंधराला न्हाई परवडत. वीस द्या."