तुरळक ठिकाणी

जून उजाडला की पाऊस मुंबईला आणि त्याच्या बातम्या परभणीला. हिंदमात्याला गुडघाभर पाणी साचतं, पँट खोचलेला वार्ताहर दिवसभर त्यातच उभा. इकडे जिंतूरच्या टपरीवर सोयाबीनची बॅग पायाशी ठेवून बसलेले मामा आभाळाऐवजी टीव्हीकडे बघतात. राज्यात मान्सूनचं 'दमदार आगमन' झालंय म्हणे!

२६ जुलै २००५ला सांताक्रूझवर एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. आमच्याकडे चांगल्या वर्षी अख्ख्या पावसाळ्यात जेमतेम तेवढा येतो, तोही हप्त्याहप्त्यानं, मधले हप्ते बुडवून. कृषी विद्यापीठ सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा तर मुंबईत दुपारच्या चहाआधी पडतो आणि लोकल रखडते म्हणून सारं राज्य हळहळतं. इथं तेवढ्यासाठी मृग कोरडा जातो, आर्द्रा लागते. मग खंड, मग दुबार पेरणी. बियाणेवाला तेवढा सुकाळात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' आम्ही छाती फुगवून म्हणतो. हवामान खात्याच्या अंदाजात मात्र आमचा पत्ता एकच: 'तुरळक ठिकाणी'. हे तुरळक ठिकाण बहुतेक शेजाऱ्याच्या बांधापलीकडे असतं.