किरकोळ

सकाळी पेपर उघडला. मथळा होता, 'किरकोळ महागाईत घट'. तो मी मोठ्यानं वाचला, तिथंच चुकलं. समोर मेथी निवडत बसलेल्या बायकोनं मान वर न करता विचारलं, "किरकोळ कुणाला म्हणतायत?"

बँकेत चौतीस वर्षं काढली की माणसाला आकड्यांबद्दल उगाचच आत्मविश्वास येतो. मी समजावू लागलो. म्हटलं, घाऊक आणि किरकोळ असतं ना, त्यातलं हे किरकोळ. सरकारनं एक टोपली ठरवलेली असते. तिच्यात तांदूळ, डाळ, भाजी, घरभाडं, शाळेची फी, बसचं तिकीट, सगळं मापून भरलेलं. २०१२ साली ती शंभर रुपयांची धरली, ती २०२४ संपताना १९५ च्या आसपास गेली. आणि घट झालीय ती वेगात. जिना आपण चढतोच आहोत, फक्त जरा सावकाश.

"उतरायचा कधी?"

चौतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"बरं, टोपलीत खाण्यापिण्याचं किती?"

"त्या २०१२ च्या टोपलीत शेकडा ४६ च्या आसपास होतं."

"आणि फुकटची कोथिंबीर कशात धरतात?"

आता हा मुद्दा खरा होता. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी पिशवीत वरून चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या टाकायच्या. त्यांनी कधी भाव सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. आता कोथिंबिरीची वेगळी जुडी घ्यावी लागते, दहा रुपयांना. शून्याची वस्तू दहाची झाली, तर महागाई किती टक्के? मी खरंच करून पाहिलं. भागायला शून्य येतं आणि कॅल्क्युलेटर हात टेकतो.

'किरकोळ' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो आईच्या वहीत. माझ्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं फाडून तिनं ती शिवली होती. रात्री झाकपाक झाली की ओट्याला टेकून ती लिहायची. दूध १.८०, भाजी ०.९०, काड्यापेटी ०.१०, किरकोळ ०.७५. महिनाअखेरीस बाबा चष्मा लावून वही तपासत आणि नेमके शेवटच्या ओळीपाशी अडत. "हे किरकोळ म्हणजे काय?" आई म्हणे, "किरकोळ म्हणजे किरकोळ." त्यात माझी सर्कस होती, मावशीचं परतीचं एसटीभाडं होतं, भिशीचा हप्ता होता आणि भांडीवालीच्या मुलीची फी होती. बाबांना हे ठाऊक नसावं. किंवा असावं, आणि अडणं हा त्यांच्या नोकरीचा भाग असावा.

१९७२ चा दुष्काळ पडला आणि तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी उगारत रस्त्यावर उतरल्या. पुण्यात आईचं लाटणं पोळपाटावरच राहिलं, पण त्या साली आमच्या पोळ्या पातळ झाल्या. आमटीत पाणी वाढलं, मग आमटीच्या जागी पिठलं आलं. १९९८ मध्ये कांदा भडकला, तेव्हा तर कार्तिकी एकादशी उलटली तरी आमच्या घरचा चातुर्मास संपेना. वहीतली प्रत्येक ओळ कधी ना कधी आक्रसली. 'किरकोळ' मात्र आईनं आटू दिलं नाही.

३० जून २०११ पासून चार आणे चालणार नव्हते. बँकेचा माणूस म्हणून मी घरी बजावलं, असतील ती नाणी काढा, बदलून आणतो. आईला विचारलं, "तुझ्याकडे आहेत का?" म्हणाली, "आहेत किरकोळ." दिली नाहीत. ती गेल्यावर मोहरीच्या डब्यात पुरचुंडी सापडली. अठ्ठेचाळीस नाणी. बारा रुपये, म्हणजे काहीच नाही.

घाऊकाकडे तरी काय आहे म्हणा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती आला दोन रुपयांचा चेक. पन्नास वर्षांपूर्वी आईच्या किरकोळात एवढे तीन दिवसांत निघत. त्याच वर्षी जुलैत टोमॅटोनं शंभरी ओलांडली आणि आमच्या सारात आमसूल पडलं. मधले पैसे नेमके कुणाच्या टोपलीत जातात, हे मला बँकेत राहूनही उमगलं नाही.

आमच्या घरी आता वही नाही. मुलानं दोघांच्या फोनवर हिशेबाचं ॲप टाकून दिलंय. चहाच्या टपरीवरही चौकोन दाखवून पैसे जातात आणि जातील तिथं नोंद ठेवून जातात. परवा महिन्याचा हिशेब बघताना बायकोनं चष्मा लावला. हुबेहूब बाबा.

"अमृततुल्य, सोळा वेळा?"

"मित्र भेटतात."

"आणि शुक्रवारी मिसळ, दोन प्लेट. अहो, दुसरी कुणाची?"

डॉक्टरांनी मला फरसाण बंद केलंय. मी म्हटलं, मित्राची. पण मित्र शुक्रवारी नाशकात होता, आणि तसा फोटो त्यानं स्वतःच बायकोसकट सगळ्यांना पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी एटीएममधून पाचशे काढले आणि वाण्याकडून सुटे करून घेतले. रात्री ॲपनं विचारलं, खर्चाचा प्रकार कोणता? किराणा, प्रवास, आरोग्य, शिक्षण, इतर. 'किरकोळ' यादीत नव्हतं. 'इतर' वर बोट ठेवलं आणि घर झोपल्यावर पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. मोहरीचा डबा उघडला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या नोटा होत्या. बऱ्याच.

झाकण हळूच लावलं आणि शेंगदाण्याच्या डब्याकडे वळलो.